मीठ टाकले म्हणून पाणी स्वच्छ राहत नाही

केडगावहून पुण्याच्या किंवा दौंडच्या रस्त्याला लागले, की गेल्या काही वर्षांत झालेला एक बदल सहज नजरेत भरतो. बंगल्यांच्या मागे, फार्महाऊसच्या अंगणात, हुरडा पार्टीच्या जागांवर निळ्या फरशीचे छोटे छोटे स्विमिंग पूल दिसू लागले आहेत. काही घरच्यांपुरते आहेत, काही दिवसाच्या भाड्याने दिले जातात. यातल्या अनेक मालकांच्या तोंडी हल्ली एक वाक्य असते, ‘आमचा पूल खाऱ्या पाण्याचा आहे, यात क्लोरीन नाही, केमिकल नाही.’ पाहुण्यांना ते आवडते. लहान मुलांच्या आयांना तर फारच आवडते.

हे वाक्य चुकीचे आहे. खाऱ्या पाण्याचा पूल हा क्लोरीनचाच पूल असतो. क्लोरीन डब्यातून येत नाही, तिथेच तयार होतो, एवढाच फरक. ‘यात केमिकल नाही’ असे एकदा मनाने घेतले, की पाणी तपासायची गरज वाटत नाही आणि पाणी हिरवे पडेपर्यंत कोणी लक्ष देत नाही. मग मे महिन्यात बाह्यरुग्ण विभागात कान दुखणारी, डोळे लाल झालेली, जुलाब लागलेली मुले येऊ लागतात आणि ‘कुठे पोहायला गेला होतात का?’ हा प्रश्न आम्हाला विचारावा लागतो.

आधी या यंत्राचे काम समजून घेऊ. पाण्यात साधे मीठ विरघळवले जाते, लिटरमागे साधारण ३ ते ४ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असते. आपण रुग्णाला लावतो त्या सलाईनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम असते. म्हणजे पुलातले पाणी सलाईनच्याही निम्म्याहून कमी खारट. अश्रूंचा खारटपणा सलाईनच्या जवळपास असतो, म्हणून हे पाणी डोळ्यांना फारसे झोंबत नाही. पण एवढ्या मिठाने जंतू मरत नाहीत आणि शेवाळही मरत नाही. मीठ हा केवळ कच्चा माल आहे. पंपाच्या वाटेत एक सेल बसवलेला असतो, त्यात टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. खारे पाणी त्यांच्यामधून जाताना विजेच्या प्रवाहाने मिठापासून क्लोरीन तयार होतो. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकल्यावर पाण्यात जे द्रव्य जंतू मारते, तेच द्रव्य इथेही काम करते.

क्लोरीन सेलमध्ये तयार होत असल्याने सेल बंद पडला की तो मिळायचाही थांबतो. आपल्या भागात सेल बंद पडण्याची निदान तीन कारणे आहेत.

पहिले कारण वीज. पंप चालू असेल तरच पाणी सेलमधून जाते. शेतीच्या फीडरवर असलेल्या फार्महाऊसला वीज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. भर उन्हात पंप बंद असला तर नवा क्लोरीन तयार होत नाही आणि असलेला उन्हाने उडून जातो. उघड्या पाण्यातला बहुतांश क्लोरीन कडक उन्हात दोन-तीन तासांत संपतो. तो टिकावा म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात, त्याला बाजारात स्टॅबिलायझर म्हणतात. त्याचे प्रमाण साधारण ३० ते ५० पीपीएम, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम, असावे. काही सेलना याहून अधिक लागते, ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मात्र ते वाढतच गेले तर क्लोरीन टिकतो पण सुस्तावतो. क्लोरीनच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये हे आम्ल आधीच असते. म्हणून गोळ्यांवर वर्षभर विसंबणाऱ्या पुलात ते नकळत साठत जाते.

दुसरे कारण आपले जड पाणी. बेसाल्टच्या खडकातल्या बोअरचे पाणी भांड्यावर, गिझरवर, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरते, हे नगर परिसरातल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तोच थर सेलच्या पट्ट्यांवर बसतो. यंत्राचा दिवा हिरवाच राहतो, आत मात्र क्लोरीन तयार होणे मंदावलेले असते. ठरावीक दिवसांनी सेल काढून, कंपनीने सांगितले असेल तसा सौम्य आम्लाने धुवावा लागतो. हे बहुतेक ठिकाणी होत नाही.

तिसरे कारण पीएच. या पद्धतीत पाण्याचा पीएच हळूहळू वर चढतो. पीएच ७.२ असताना पाण्यातल्या क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंतू मारण्याच्या प्रभावी रूपात असतो. तो ८ च्या वर गेला, की जेमतेम पाचवा हिस्सा त्या रूपात उरतो. चाचणीत क्लोरीन दिसतो, पण तो बहुतांशी कामाचा नसतो.

ही तिन्ही कारणे एकत्र आली की भिंतींना हात बुळबुळीत लागू लागतो आणि दोन दिवसांत पाणी हिरवे होते. शेवाळाला ऊन, ऊब आणि थोडेसे खत पुरते. वाऱ्याने येणारी शेतातली धूळ, घाम आणि लघवी यांतून ते खत मिळते. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, शेंडी अशा गावांकडून नगर शहरात जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणले गेले. त्या बंद नळात शेवाळाला ऊनच मिळत नव्हते. उघड्या पुलाला ती सोय नाही. तिथे शेवाळ आणि पोहणारा यांच्यामध्ये फक्त क्लोरीन उभा असतो.

आता डॉक्टर म्हणून मला ज्याची चिंता वाटते ते सांगतो. पुलातले साधे हिरवे शेवाळ स्वतः सहसा रोग करत नाही. पण ते दिसू लागले याचा अर्थ पाण्यात पुरेसा क्लोरीन निदान काही तास, बहुधा काही दिवस नव्हता. जिथे शेवाळ वाढू शकले, तिथे कानाला सूज आणणारे आणि अंगावर पुरळ उठवणारे जंतूही वाढू शकतात. एखाद्या मुलाच्या विष्ठेतून आलेले जुलाबाचे जंतूही तिथे जिवंत राहतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी तर नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनलाही काही दिवस दाद देत नाही. म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाला, आणि बरे झाल्यावरही काही दिवस, कोणत्याच पुलात उतरवू नये.

केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आणि त्यांत मुलांचेही मृत्यू झाले. ती बातमी आपल्याकडेही पोहोचली. या आजाराच्या सर्वांत परिचित प्रकारातला अमिबा, नेग्लेरिया फाउलेरी, कोमट गोड्या पाण्यात राहतो. पाणी पिण्यातून तो बाधत नाही, नाकातून वर चढतो. पुलातले ३-४ ग्रॅम मीठ त्याच्यापासून संरक्षण देते असे कोणी समजू नये, संरक्षण क्लोरीनच देतो. तोही पाण्याच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचला तरच. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात उस्ती नाद लाबेम या शहरात १९६२ ते १९६५ या काळात एकाच बंदिस्त जलतरण तलावात पोहलेले १६ तरुण या आजाराने दगावले. त्या तलावात क्लोरीन वापरला जात होता. पुढे शोध घेतल्यावर एका भिंतीमागच्या पोकळीत अमिबा सापडला. तिथे पाणी साचून राहत होते आणि क्लोरीन पोहोचत नव्हता. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, घाबरून पोहणे सोडायचे कारण नाही. पण पोहल्यानंतर दीड-दोन आठवड्यांच्या आत जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या आणि मान आखडणे अशी लक्षणे दिसली तर लगेच रुग्णालय गाठावे आणि ‘मूल पोहायला गेले होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

मला सर्वांत मोठी भीती मात्र जंतूंची वाटत नाही, गढूळ पाण्याची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली. त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे आहे. हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही. तळाशी गेलेले मूल काठावर बसलेल्या दहा मोठ्या माणसांना दिसत नाही. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरतो आणि बुडणारे मूल सिनेमात दाखवतात तसे ओरडत नाही, गप्प जाते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. पूल चार फुटांचा आहे म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. म्हणून पहिला नियम असा ठेवावा की तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसत नसेल तर कोणीही पाण्यात उतरायचे नाही. पाहुण्यांनी पैसे भरलेले असले तरी नाही.

हिरवे पाणी दिसले की आपल्याकडे तीन उपाय केले जातात. कोणी आणखी मीठ टाकतो. त्याने शेवाळाला काही होत नाही. कोणी द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीतून उरलेले मोरचूद टाकतो. त्याने शेवाळ काही काळ दबते, पण जंतूंचा भरवसा देता येत नाही, फरशीवर डाग पडतात आणि तांबे पाण्यात साठत राहते. तिसरा उपाय सगळ्यांत सोपा वाटतो. पाणी सोडून द्यायचे आणि टँकर बोलवायचा.

या तिसऱ्या उपायाला माझा ठाम विरोध आहे. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ५० हजार लिटर पाणी ओतून देणे शोभत नाही, हा एक भाग. पण हे पाणी साधेही नसते. ५० हजार लिटरच्या पुलात दीडशे ते दोनशे किलो मीठ असते. ते पाणी बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला सोडले, की सगळे मीठ तिथल्या मातीत जाते. कालव्याच्या भागात खारपड झालेली जमीन पाहिलेल्या शेतकऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीत गेलेले मीठ काढण्याचा सोपा उपाय कोणाकडेच नाही. फिल्टर उलटा धुतानाचे पाणीही खारेच असते. तेही झाडांना देऊ नये.

हिरवे पाणी न ओतता स्वच्छ होते. तीन-चार दिवस लागतात, क्वचित आठवडा लागतो. पद्धत अशी :

पोहणे पूर्ण बंद करावे. आधी मोजावे, पीएच, मुक्त क्लोरीन आणि स्टॅबिलायझर. पीएच ७.२ च्या आसपास आणावा. भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची जागा, दिव्याच्या कडा आणि फरशीच्या सांधी ब्रशने घासून काढाव्यात, कारण शेवाळाच्या थराखाली क्लोरीन शिरत नाही. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, बाहेरून क्लोरीन द्यावा. इथे सेलवर विसंबू नये, तो रोजच्या गरजेपुरता असतो. मुक्त क्लोरीन निदान १० पीपीएमपर्यंत न्यावा, स्टॅबिलायझर जास्त असेल तर त्याहूनही वर. हिशेब सोपा आहे. ५० हजार लिटर पाण्यात १० पीपीएम म्हणजे ५०० ग्रॅम क्लोरीन. १० टक्के ताकदीचे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण असेल तर सुमारे ५ लिटर. द्रावण जुने असेल तर त्याची ताकद घटलेली असते, हे लक्षात ठेवावे. पंप रात्रंदिवस चालू ठेवावा, फिल्टर पुन्हा पुन्हा धुवावा, रोज घासावे, क्लोरीन उतरेल तसा भरत राहावे. पाणी आधी हिरव्याचे राखाडी होते, मग निवळते. मेलेले शेवाळ तळाशी बसते, ते नळीने ओढून काढावे.

काम संपले हे नजरेने ठरवू नये. संध्याकाळी पंप चालू ठेवून, पण सेल बंद करून, क्लोरीन मोजावा. सकाळी ऊन पडण्याआधी पुन्हा मोजावा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त उतरला असेल तर पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे, ते क्लोरीन खात आहे. उतरला नसेल आणि तळ स्वच्छ दिसत असेल, तर क्लोरीन ३ पीपीएमच्या आसपास येईपर्यंत थांबून मगच मुलांना उतरू द्यावे.

याच कामात एक धोका आहे आणि तो रुग्णालयात थेट अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचवतो. पीएच उतरवायला आम्ल लागते आणि शेवाळ मारायला क्लोरीन लागतो. ही दोन्ही एकाच बादलीत, एकाच मगाने किंवा एकापाठोपाठ एकाच जागी कधीही ओतू नयेत. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तोच हा वायू. बंद पंपघरात दोन-तीन श्वासांतही फुप्फुसाला इजा होऊ शकते. आम्ल नेहमी पाण्यात टाकावे, आम्लात पाणी टाकू नये. दोन वेगळ्या प्रकारच्या क्लोरीनच्या गोळ्या-पावडरी एका डब्यात ठेवू नयेत, त्या पेट घेऊ शकतात. आणि हे काम मालक करत नाही, राखणदार करतो. बहुतेक वेळा तो हातमोजे आणि चष्म्याशिवाय, उघड्या पायांनी करतो. त्याला हे शिकवणे आणि साधने देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

इतके सारे करायची वेळ येऊ नये म्हणून रोज पाच मिनिटे पुरतात. मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान आहे का, हे सकाळी आणि लोक उतरण्याआधी पाहावे. स्टॅबिलायझर वापरत असाल तर क्लोरीन २ च्या खाली जाऊ देऊ नये. गावच्या पाण्याला आपण जी ओटी चाचणी करतो, ती पिवळा रंग दाखवते, पण मुक्त आणि बांधलेला क्लोरीन वेगळा करून दाखवत नाही. पुलासाठी डीपीडीचा संच घ्यावा. तो पुलाच्या खर्चापुढे किरकोळ आहे. पुलाजवळ ‘क्लोरीनचा’ उग्र वास येत असेल तर क्लोरीन जास्त झाला असा अर्थ सहसा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी संयोग होऊन तयार झालेल्या क्लोरामाइनचा तो वास असतो, डोळेही त्यानेच लाल होतात. पोहण्याआधी साबण लावून अंघोळ आणि लहान मुलांना तासातासाने बाहेर काढून लघवीला नेणे, हा त्यावरचा खरा उपाय. आणखी एक सांगायचे म्हणजे उन्हाने पाणी उडते, मीठ उडत नाही. मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडते. त्यामुळे पाणी कमी झाले म्हणून मीठ टाकायचे नसते, मोजून कमी भरले तरच टाकायचे. पूल वापरात नसताना झाकून ठेवला तर पाणीही वाचते, क्लोरीनही वाचतो आणि शेवाळाला ऊनही मिळत नाही. झाकण घट्ट ताणलेले हवे, सैल झाकणाखाली गेलेले मूल दिसत नाही.

दुष्काळी जिल्ह्यात खासगी पूल असावेतच का, असा प्रश्न मला काही सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण पूल झाले आहेत आणि उन्हाळ्यात मुलांना पोहायला मिळावे, असे मलाही वाटते. विहिरीत किंवा शेततळ्यात उडी मारण्यापेक्षा उथळ, स्वच्छ, कोणीतरी लक्ष ठेवत असलेल्या पाण्यात पोहायला शिकणे केव्हाही चांगले. माझे म्हणणे इतकेच आहे, की रोज मोजायला माणूस नसेल तर पूल बांधू नये, आणि बांधलेला असेल तर तो माणूस नेमेपर्यंत बंद ठेवावा. यंत्र ‘ऑटोमॅटिक’ आहे हे उत्तर पुरेसे नाही. यंत्र क्लोरीन बनवते, तो पुरला की नाही हे माणसालाच पाहावे लागते.

भाड्याने दिल्या जाणाऱ्या पुलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले, अशा जागा वाढल्या, शेतकऱ्याला जोड उत्पन्न मिळाले, हे चांगलेच झाले. पुलाच्या पाण्याचा दर्जा कसा असावा यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३३२८ हे मानक आहे. पण ते रविवारी पोहायला आलेल्या आईला कसे कळणार? त्यासाठी एक साधा फळा पुरेल. काठावर लावलेला, त्यावर त्या दिवसाची तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच आणि मोजणाऱ्याचे नाव. शेजारी खोलीचा आकडा, एक लांब बांबू आणि दोराला बांधलेली हवेची ट्यूब. प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारी गावाच्या टाकीवर ओटी चाचणी करतात, त्यांनाच डीपीडीचा संच देऊन हंगामात महिन्यातून एकदा अशा पुलांवर पाठवता येईल. महापालिकेने आणि ग्रामपंचायतींनी परवाना देताना पाणी कुठे सोडणार हेही लेखी घ्यावे. यातले काहीही महाग नाही.

तोवर हे काम पालकांनी करावे. पैसे भरण्याआधी मालकाला तीन प्रश्न विचारावेत. आज क्लोरीन किती आहे? तो कोणी आणि किती वाजता मोजला? तळाची जाळी मला दाखवता का? उत्तर देताना मालक ‘आमचा पूल मिठाचा आहे’ एवढेच म्हणाला, तर मुलांना हुरडा खायला द्या, झाडाखाली खेळू द्या, पण त्या दिवशी पाण्यात उतरवू नका.